‘व्ही’कडे कुणी पाहिलं नाही

दोन वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एक तक्रार आली. ट्रक नकाशावर दाखवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. गाडीत एक छोटा डबा बसवलेला असतो. तो दर काही सेकंदांनी आपला ठावठिकाणा सर्व्हरला पाठवतो आणि मालकाला फोनवर ठिपका हलताना दिसतो. तक्रार अशी होती, की एका ड्रायव्हरनं रात्री दोन तास गाडी रस्त्यात उभी ठेवली आणि आता ‘मी थांबलोच नव्हतो’ म्हणतोय. मालकानं त्याचे त्या फेरीचे पैसे कापून टाकले होते.

मी सर्व्हरवरचा कच्चा लॉग उघडला. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह, मग ‘जीपीआरएमसी’ ही अक्षरं, मग स्वल्पविरामांनी तोडलेली माहिती : वेळ, अक्षांश, रेखांश, वेग. त्या दोन तासांत अक्षांश-रेखांश खरंच हलले नव्हते. पण वेळेच्या लगेच पुढे एक अक्षर असतं. एरवी तिथे ‘ए’ होतं. त्या दोन तासांत तिथे ‘व्ही’ होतं.

‘ए’ म्हणजे माहिती ग्राह्य. ‘व्ही’ म्हणजे हिच्यावर विसंबू नका.

डब्याच्या अँटेनाची वायर सैल झाली होती. उपग्रह दिसेनासे झाल्यावर डबा शेवटची जागाच पुन्हा पुन्हा पाठवत राहिला, पण ही जागा भरवशाची नाही हेही दर ओळीत सांगत राहिला. आमच्या कोडनं ते अक्षर वाचलंच नव्हतं. कोड मी लिहिलेला होता.

ड्रायव्हरचे पैसे त्याला परत मिळाले. मी मात्र ते अक्षर आलं कुठून याच्या मागे लागलो. शोधता शोधता ट्रक मागे पडले आणि मी बोटींच्या वायरिंगमध्ये जाऊन पोचलो.

एक बोलणार, बाकीचे ऐकणार

१९५७ साली न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये काही दुकानदार एकत्र आले. बोटींवरची इलेक्ट्रॉनिक उपकरणं विकणारी ही मंडळी. त्यांनी एक संघटना काढली : नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन, म्हणजे एनएमईए. उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांशी बोलायला आपली एक जागा असावी, एवढाच सुरुवातीचा हेतू.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाले आणि छोट्या बोटींवरही यंत्रांची गर्दी झाली. किनाऱ्यावरच्या रेडिओ केंद्रांचे सिग्नल पकडून जागा सांगणारं लोरान-सी, पाण्याची खोली मोजणारं यंत्र, वेगमापक, होकायंत्र, सुकाणू आपोआप धरणारा ऑटोपायलट. अडचण ही, की एका कंपनीचं लोरान दुसऱ्या कंपनीच्या ऑटोपायलटशी बोलेलच याची खात्री नव्हती. लोरान सांगणार ‘आपण मार्गाच्या डावीकडे सरकलोय’, आणि ते ऐकून सुकाणू हातानं माणूस फिरवणार.

मग १९८० साली एनएमईए ०१८० हे मानक आलं. लोराननं ऑटोपायलटला मार्गापासूनचं अंतर कसं कळवावं, एवढंच त्यात होतं. पाठोपाठ ०१८२ आलं आणि १९८३ साली ०१८३. हे शेवटचं मानक मात्र टिकलं. इतकं, की तुमच्या हातातल्या फोनमधली जीपीएस चिपही बहुधा हीच भाषा बोलते. अँड्रॉइडवर जीपीएस तपासायचं एखादं फुकट ॲप टाकून पाहा, डॉलरच्या चिन्हानं सुरू होणाऱ्या ओळी धबाधबा वाहताना दिसतील.

या भाषेचे नियम माणसाला वाचता येतील इतके सोपे आहेत. एका ओळीला ‘वाक्य’च म्हणतात. वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचं. पहिली दोन अक्षरं बोलणारा कोण ते सांगतात : ‘जीपी’ म्हणजे जीपीएस. आपल्या इस्रोच्या नाविकलाही पुढे यात ‘जीआय’ अशी ओळख मिळाली. शेवटी चांदणी आणि दोन अक्षरांची बेरीज-तपासणी, म्हणजे वाटेत अक्षर बिघडलं तर ऐकणाऱ्याला कळावं. वेग सेकंदाला ४८०० बिट. एका अक्षराला १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं, पूर्ण लांबीची जेमतेम सहा वाक्यं. त्या काळात तेवढं पुरेसं होतं.

वायर मात्र डोकेदुखी होती. ०१८३चा नियम असा, की एका जोडीवर बोलणारा एकच आणि ऐकणारे अनेक. जीपीएसला बोलायचंय? त्याची एक जोडी. खोलीमापकाला बोलायचंय? त्याची दुसरी. दोघांचं एकाच यंत्राला ऐकवायचं तर मध्ये सगळ्यांचं ऐकून एका रांगेत सांगणारा आणखी एक डबा. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे. एकजण ज्याला ‘ए’ म्हणे त्याला दुसरा ‘प्लस’ म्हणे. डॅशबोर्डच्या मागे हात घातला तर पट्टीवर स्क्रूनं आवळलेल्या डझनावारी वायरी, आणि खारी हवा त्यांना रोज थोडं थोडं खात असे.

बर्म्युडा ते बोस्टन

‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज १९९२ साली सेवेत आलं. ९ जून १९९५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास ते बर्म्युडाहून बोस्टनला निघालं. जहाजावर १,५०९ माणसं होती. ब्रिजवर त्या काळातली चांगली सामग्री होती : जीपीएस, लोरान-सी, दोन रडार आणि जीपीएसचं ऐकून जहाज ठरलेल्या रेषेवर ठेवणारा ऑटोपायलट.

निघाल्यावर तासाभराच्या आत जीपीएसच्या अँटेनाची केबल जोडणीपासून सुटली. माणसं येजा करू शकतील अशा छतावर ती उघडीच टाकलेली होती. उपग्रह दिसेनासे झाल्यावर जीपीएसनं आखून दिलेलं काम केलं. शेवटची जागा घेतली, होकायंत्राची दिशा आणि वेगमापकाचा वेग घेतला आणि ‘आपण आता इथे असू’ असा अंदाज बांधायला सुरुवात केली. कोलंबसाच्या काळापासूनचे खलाशी हेच करत आले आहेत. फक्त या अंदाजात वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला किती ढकलतात ते धरलेलं नसतं.

यंत्रानं हे लपवलं नाही. सेकंदभर बारीक आवाजाची सूचना वाजली. छोट्या पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत अंदाजाची खूण उमटली. आणि ऑटोपायलटला जाणाऱ्या ०१८३च्या वाक्यांत ‘ही माहिती ग्राह्य नाही’ अशी खूणही जात होती.

ऑटोपायलटनं ती वाचली नाही. ते बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं, की जीपीएसला जागा कळेनाशी झाली तर तो आकड्यांची जागा रिकामी सोडेल, नाहीतर बोलायचाच थांबेल. जीपीएस बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं, की खूण लावून अंदाज पाठवला की ऐकणारा समजून घेईल. वाक्याची सुरुवात अजूनही ‘जीपी’नंच होत होती, म्हणजे ऑटोपायलटच्या लेखी उपग्रहच बोलत होते. दोन्ही कंपन्या एकच मानक वाचून बसल्या होत्या. दोघींनी त्याचा अर्थ वेगवेगळा लावला.

पुढचे ३४ तास ऑटोपायलट जहाजाला नकाशावरच्या रेषेवर अचूक चालवत होता आणि खरं जहाज हळूहळू पश्चिमेला सरकत होतं. अधिकारी दर तासाला जागा नकाशावर मांडत होते, पण त्याच जीपीएसवरून. लोरान शेजारीच चालू होतं, त्याच्याशी ताळा केला गेला नाही. बोस्टनच्या वाटेवरचा पहिला बोया रडारवर दिसला असं वाटलं, तो भलताच बोया होता. दुसरा बोया दिसलाच नाही, तरी दिसला असं कप्तानाला सांगितलं गेलं.

त्या संध्याकाळी आसपास मासेमारी बोटी होत्या. एवढं मोठं जहाज इथं उथळ पाण्यात काय करतंय, हा प्रश्न तिथल्या कोळ्यांना पडला. त्यांनी रेडिओवर हाका मारल्या. ब्रिजवरून उत्तर आलं नाही.

१० जूनच्या रात्री साडेदहाच्या सुमारास ‘रॉयल मॅजेस्टी’ नॅनटकेट बेटाच्या पूर्वेला वाळूच्या दांड्यावर चढली. ठरलेल्या मार्गापासून ती १७ सागरी मैल दूर होती. कुणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी टगबोटींनी तिला ओढून काढलं. दुरुस्ती आणि बुडालेला धंदा मिळून सुमारे ७० लाख डॉलरचा फटका बसला.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अहवालात ब्रिजवरच्या माणसांच्या चुका आहेत, यंत्रावर ठेवलेला जास्तीचा विश्वास आहे, आणि ०१८३च्या वाक्यांबद्दलही बरंच काही आहे. मी तो आमच्या ऑफिसात बसून वाचला आणि मला घाम फुटला. अँटेनाची केबल, खूण लावून पाठवलेली चुकीची जागा, ती खूण न वाचणारं सॉफ्टवेअर. आमच्या ट्रकचा आणि या जहाजाचा घोटाळा एकच होता.

मोटारीतून बोटीत

ज्या १९८३ साली ०१८३ आलं, त्याच साली जर्मनीत बॉश कंपनीनं मोटारींसाठी एका नव्या जाळ्यावर काम सुरू केलं. १९८६ साली डेट्रॉइटच्या एका परिषदेत ते मांडलं गेलं. त्याचं नाव कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजे कॅन. इंजिन, ब्रेक, गिअर यांनी एकमेकांशी बोलायचं तर प्रत्येक जोडीसाठी वेगळी वायर किती ओढणार? कॅनमध्ये वायरींची एकच जोडी आणि सगळे तिच्यावरच. सगळे बोलू शकतात, सगळे ऐकू शकतात.

मग दोघं एकदम बोलले तर? कॅनचं सौंदर्य इथे आहे. प्रत्येक संदेशाला क्रमांक असतो आणि लहान क्रमांकाचा मान मोठा. वायरवर शून्य आणि एक एकदम आले तर शून्य जिंकतं. बोलणारा प्रत्येकजण बोलता बोलता वायर ऐकत असतो. आपण ‘एक’ म्हणालो आणि वायरवर ‘शून्य’ दिसलं, तर आपल्यापेक्षा महत्त्वाचं कुणी बोलतंय हे ओळखून तो गप्प बसतो. जिंकणाऱ्याचा संदेश मधेच तुटत नाही. हरणारा नंतर पुन्हा प्रयत्न करतो.

एनएमईएनं हेच तंत्र उचललं आणि २००१ साली एनएमईए २००० आणलं. वेग सेकंदाला अडीच लाख बिट, ०१८३च्या पन्नासपट. संदेशांची बांधणी ट्रक आणि ट्रॅक्टरांच्या इंजिनांत वापरल्या जाणाऱ्या जे १९३९ या मानकाशी जुळणारी. पाच पिनांचे स्क्रूनं आवळायचे गोल प्लग कारखान्यातल्या सेन्सरांच्या डिव्हाइसनेट जाळ्यातले. बोटीसाठी नवं काही शोधण्यापेक्षा, तेल-धूळ-हादरे सोसून सिद्ध झालेलं घेतलं.

कणा आणि फांद्या

या जाळ्याची रचना माशाच्या काट्यासारखी असते. मधून एक कणा जातो. त्यावर ‘टी’ आकाराचे जोड, आणि प्रत्येक जोडातून एका यंत्राकडे जाणारी छोटी फांदी. कण्याच्या दोन टोकांना दोन टर्मिनेटर, प्रत्येकात १२० ओहमचा रोध. आत पाच वायरी : लाल आणि काळी वीज देतात, पांढरी आणि निळी बोलतात, पाचवी उघडी असते ती बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या वेष्टणाची.

आता समजा, तुम्हाला मागच्या टोकाला नवा डिस्प्ले बसवायचाय आणि केबल पुरत नाही. जवळच्या ‘टी’पासून दहा मीटरची लांब फांदी ओढून टाकावी, हे पहिलं सुचतं. नेमकं तेच चालत नाही. फांदी जास्तीत जास्त ६ मीटर आणि सगळ्या फांद्या मिळून ७८ मीटर, ही मर्यादा आहे. लांबवायचा तो कणा. टोकाचा टर्मिनेटर काढायचा, केबल जोडायची, नवा ‘टी’ लावायचा आणि टर्मिनेटर पुन्हा नव्या टोकाला बसवायचा. म्हणजे कणा यंत्रापर्यंत न्यायचा आणि फांदी आखूडच ठेवायची.

असं का? विहिरीत हाक मारली की ती तळावर आपटून परत येते. वायरच्या उघड्या टोकावरून सिग्नलही तसाच परत फिरतो आणि पुढच्या बिटात मिसळतो. टर्मिनेटर तो प्रतिध्वनी गिळून टाकतो. आखूड फांदीतला प्रतिध्वनी इतक्या लवकर विरतो की त्रास होत नाही, लांब फांदीत होतो. म्हणून टर्मिनेटर दोनच हवेत, एक नाही आणि तीनही नाहीत. तपासायलाही सोपं आहे : वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या वायरीत मल्टिमीटर लावा. सुमारे ६० ओहम आले तर दोन टर्मिनेटर जागेवर आहेत. १२० आले तर एक गायब, ४० आले तर कुणीतरी तिसरा ठोकलाय.

कण्यालाही मर्यादा आहे : जाड केबलचा २०० मीटर, बारीकचा १००. त्यामागे मला फार आवडलेलं गणित आहे. अडीच लाखांच्या वेगानं एक बिट ४ मायक्रोसेकंद टिकतो. तेवढ्यात या टोकाचं बोलणं त्या टोकाला पोचून, तिथल्या यंत्राचं उत्तर इथे परत दिसायला हवं, नाहीतर ‘कोण गप्प बसणार’ हा निवाडाच लागणार नाही. केबलमध्ये सिग्नल मायक्रोसेकंदाला साधारण २०० मीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन २ मायक्रोसेकंद गेले. उरलेल्या वेळात यंत्रांचे आतले उशीर आणि थोडी सवड बसवायची. वेग वाढवून सेकंदाला १० लाख बिट केला, तर कॅनची केबल ४० मीटरच्या आसपासच संपते. इथे मर्यादा घालणारी कंपनी नाही, प्रकाशाचा वेग आहे.

दुसरं कारण विजेचं. यंत्रांना वीजही याच केबलमधून मिळते. लांब आणि बारीक वायरीत व्होल्टेज पडतं. यंत्र ९ व्होल्टपर्यंत तग धरतं, त्याखाली कधी चालू, कधी बंद असा खेळ सुरू होतो. तोही बंदरात होत नाही, समुद्रात सगळी उपकरणं एकदम चालू असताना होतो. म्हणून जाणकार मंडळी वीज कण्याच्या टोकाला न देता मधोमध देतात.

शंकेला जागा

वायर सुधारली. पण ‘रॉयल मॅजेस्टी’वर वायर सुटल्यानंतर जे घडलं, ते सुधारलं का?

कॅनच्या एका संदेशात फक्त ८ बाइट मावतात. एनएमईए २०००मध्ये १२९०२५ क्रमांकाचा एक संदेश आहे, जागेची झटपट बातमी, सेकंदाला दहा वेळा. त्यात अक्षांशाला ४ बाइट, रेखांशाला ४ बाइट. झाले आठ. ही जागा उपग्रहांवरून आली की अंदाजानं, हे लिहायला एक बिटही उरत नाही. ती माहिती १२९०२९ या मोठ्या संदेशात असते आणि तो तुकड्यातुकड्यांनी सेकंदाला एकदा येतो. म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं आळस केला आणि फक्त झटपट संदेशच वाचला, तर १९९५चा सापळा अजून तसाच उघडा आहे.

आणि हे वाचायचं कुठे? मानकाचा दस्तऐवज विकत घ्यावा लागतो आणि तो छंद म्हणून शिकणाऱ्याला परवडणारा नाही. ०१८३ची वाक्यं उघडी दिसत असल्यामुळे एरिक रेमंड यांच्यासारख्या मंडळींनी जाहीर स्रोत जुळवून त्यांचा अर्थ सगळ्यांसाठी मांडला. आम्ही सगळे त्यावरच शिकलो. २००० तर आकड्यांत बोलतं, डोळ्यांनी वाचताच येत नाही. तिथे कॅनबोट या मुक्त प्रकल्पातल्या लोकांनी बोटींवर वायर ऐकून, एकेक संदेश उलगडून त्याची यादी केली. वर दिलेले क्रमांक मी सांगू शकलो ते त्यांच्यामुळे. प्लगांचीही तीच तऱ्हा. सिमनेट आणि सीटॉक एनजी या जाळ्यांवर भाषा एनएमईए २०००चीच, पण प्लग आपापले, म्हणून केबल लांबवताना मध्ये अडॅप्टर घ्यावा लागतो. माणसांना बुडण्यापासून वाचवणारी भाषा समजून घ्यायला पैसे का पडावेत, हा प्रश्न बोटींच्या जगात अजून मिटलेला नाही. २०२०च्या सुमाराला वननेट हे इथरनेटवर चालणारं नवं मानक आलं, तेही याच संघटनेचं.

हे सगळं परदेशी यॉटवाल्यांचं आहे असं वाटेल. पण ३० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या पालघरमध्ये एक योजना जाहीर झाली : १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या मासेमारी बोटींवर टप्प्याटप्प्यानं १ लाख ट्रान्सपॉन्डर बसवायचे. बोट कुठे आहे हे किनाऱ्याला कळेल, वादळाचा इशारा बोटीला कळेल. म्हणजे पुढची काही वर्षं आपल्या किनाऱ्यावर कुणीतरी केबल ओढणार आहे, कुणीतरी प्लग आवळणार आहे, आणि माझ्यासारखं कुणीतरी खोलीत बसून त्या बोटींचे ठिपके नकाशावर काढणारा कोड लिहिणार आहे. खाऱ्या हवेत एखाद्या अँटेनाची वायर कधीतरी सैल होणारच. त्या दिवशी शोधायला निघालेल्या माणसाला पडद्यावर खरी बोट दिसते की चार तासांपूर्वीची, हे त्या कोडवर ठरेल.

आमच्या सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती फार छोटी होती. ‘व्ही’ आलं की ठिपका करडा होतो आणि खाली शेवटच्या खात्रीच्या जागेची वेळ दिसते. कोडच्या चार ओळी. रिव्ह्यूमध्ये एका ज्युनियरनं विचारलं, की करडा ठिपका पाहून क्लायंट तक्रार करतील, मग जुनाच हिरवा ठेवला तर काय बिघडलं? मी त्याला आधी ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. मग जहाजाची.